डोक्यावर उभा राहिलेला पेशंट

माझे सासरे कवळ्या बनवतात. म्हणजे दुसऱ्यांसाठी, त्यांचे स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात अजून जागेवर आहेत, आणि ते मोकळेपणाने हसले की समोरच्या गिऱ्हाइकाला ही जाहिरात आहे की टोमणा, ते कळत नाही. घराच्या मागच्या बाजूला त्यांची लांबट खोली आहे. खिडकीखाली बाक, बाकावर मान वळवता येणारा दिवा, कोपऱ्यात प्लास्टरची पोती, मेणाच्या वड्या, मोटारीवर फिरणारं घासायचं चाक, आणि फळीवर ओळीने मांडलेले निम्म्या गावातल्या म्हाताऱ्यांचे जबडे. लग्न होऊन आले तेव्हा मला त्या खोलीत एकटीला जायची भीती वाटायची. आता अकरा वर्षं झाली. कवळीला शेवटची चकाकी देण्याचं काम माझ्याकडे आहे, आणि कोणता जबडा कुणाचा हे मी चिठ्ठी न वाचता सांगते.

बाबांमध्ये, मी त्यांना बाबाच म्हणते, दोष एकच आहे, पण तो घरभर पसरलेला आहे. त्यांच्या धंद्यात डावं-उजवं पेशंटचं धरतात. पेशंट समोर तोंड उघडून बसलेला, त्याची उजवी दाढ आपल्या डाव्या हाताला. चाळीस वर्षं हेच केल्यावर बाबांना सगळं जगच आपल्यासमोर आ वासून बसलंय असं दिसायला लागलं. कपाटाच्या उजव्या कप्प्यातून कात्री आण, असं त्यांनी सांगितलं की डावा कप्पा उघडायचा. वाद घातला तर म्हणतात, कपाटाचं तोंड कुणाकडे आहे? आपल्याकडे. मग उजवं कुणाचं? कपाटाचं. गाडीत पुढे बसून वाट दाखवतात तेव्हा रस्तासुद्धा त्यांना समोरून चालत येताना दिसतो. एकदा आम्ही माझ्या आत्याकडे जेवायला निघालो आणि खतांच्या कारखान्याच्या फाटकाशी पोचलो. पहारेकऱ्याने आमची नावंही लिहून घेतली.

साठी उलटल्यावर माणसं बागेतल्या बाकावर बसायला जातात. बाबांनी जाड टायरांची, डोंगरात चालवायची सायकल घेतली. रोज सकाळी पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीवर जायचं, वर पाच मिनिटं बसायचं, आणि आठच्या आत परत. त्यात एवढं काय आहे, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, ‘‘वर कुणी तोंड उघडून बसलेलं नसतं.’’

गेल्या वर्षी उतारावर कुणीतरी त्यांना ओरडून सांगितलं, काका, डावीकडे घ्या. बाबांनी ओरडणाऱ्याच्या डावीकडे घेतली. ते एका रोपवाटिकेच्या कुंपणातून आत गेले आणि मिरचीच्या वाफ्यात आडवे झाले. खांद्याचं हाड मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात होता. पट्टी सुटली त्या दिवशी सासूबाईंनी सगळ्यांसमोर अट घातली. सायकल चालवायची तर चालवा, पण ती एकदा जरी बिघडली आणि ढकलत घरी आली, तर दुसऱ्या दिवशी भंगारात. बाबांनी ताबडतोब कबूल केलं. त्यांना वाटलं, सायकल कशाला बिघडतेय? आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आई, एकदा बोलल्या की ती काळ्या दगडावरची रेघ.

सायकल खरोखरच बिघडली नसती, जर बाबांनी तिला नवी पेडलं आणली नसती. जुनी चांगली चालत होती. पण दुकानाच्या काचेत ती निळी पेडलं दिसली आणि बाबांना राहवलं नाही. एका दुपारी त्यांनी सायकल बाकाजवळ सीटवर आणि हॅन्डलवर उलटी उभी केली, दिवा ओढून घेतला, पुढच्या चाकासमोर स्टूल घेऊन बसले आणि मला म्हणाले, पाना दे. पेडलांवर उजव्या-डाव्याची अक्षरं कोरलेली होती. बाबांनी ती भिंग लावून वाचली. उजव्या अक्षराचं पेडल त्यांनी आपल्या डाव्या हाताकडच्या दांड्यात लावलं, हे सांगायला नकोच. ते जाईना. बाबा म्हणाले, नवीन आहे, घट्टच असणार. पान्याला नळाच्या पाइपाचा तुकडा अडकवून त्यांनी जोर लावला, मी सायकल धरली, आणि करकर करत पेडल आत गेलं. दुसरं मात्र दुसऱ्या बाजूला काही केल्या जाईना, म्हणून तिथे जुनंच परत बसवलं. म्हणजे एका पायाला निळं नवं, एका पायाला काळं जुनं. बाबा म्हणाले, आता फरक कळेल.

फरक तिसऱ्या दिवशी कळला. टेकडीच्या चढावर डावं पेडल दांड्यातून सुटून बुटासकट हवेत गेलं. दांडा म्हणजे क्रँक, पेडलापासून मधल्या आसापर्यंतचा तो वीतभर लांबीचा तुकडा. त्याच्या भोकातले आटे पार गेले होते. उतार होता तोवर बाबा नुसतेच घरंगळत आले. पण आमची गल्ली शेवटी चढाची आहे, आणि गॅलरीत आई कपडे वाळत घालत होत्या. उतरून ढकलायची सोय नव्हती. तेव्हा बाबांनी हलका गियर टाकला, उजव्या एका पायाने सायकल मारत आणली आणि डावा पाय कवायतीत धरतात तसा बाजूला सरळ धरला. एवढंच नव्हे तर वर बघून हातही केला. आईंनी हे काय म्हणून विचारलं, तर म्हणे डाव्या पायाला विश्रांती देतोय. चिमटा दोरीला लावायच्या ऐवजी आईंनी स्वतःच्या बोटालाच लावला, एवढं मी पाहिलं.

मग सुरू झाला उपचार. बाबांनी सायकल पुन्हा उलटी केली, त्या भोकावर दिवा धरला, आत छोटा आरसा घातला आणि किडलंय म्हणाले. मी म्हटलं, दुकानात नेऊ या. सायकलच्या दुकानाचं नाव काढलं तसा त्यांचा चेहरा पडला. दुकानदार त्यांचंच गिऱ्हाईक होता. त्याची वरची कवळी बोलताना सुटते अशी त्याची तक्रार, आणि कवळी बरोबर आहे, तोंडच वाकडं आहे, असा बाबांचा निकाल. दोन वर्षं बोलणं बंद होतं. शिवाय सायकल तिथपर्यंत न्यायची म्हणजे आईंच्या डोळ्यांदेखत ढकलतच. तेव्हा बाबांनी आपल्या विद्येवर भरवसा ठेवायचं ठरवलं. भोक कोरून साफ केलं, पेडलाच्या आट्यांना व्हॅसलीन चोपडलं, हिरडीसाठी वापरतात तो गुलाबी मसाला कालवून भोकात भरला आणि त्यात पेडल बसवलं. सुकल्यावर पेडल सोडवून पाहिलं, तर आत आटे सुंदर उमटले होते. क्रँकला हिरडी आली होती. बाहेर आलेला मसाला मी घासून चकचकीत करून दिला. खरं तर त्याची काही गरज नव्हती, पण हाताची सवय.

हिरडीने पावणेदोन किलोमीटर दम धरला. टेकडीच्या दुसऱ्या वळणावर तिचा कट्‌ आवाज झाला आणि पेडल गुलाबी टवक्यासकट निखळलं. या खेपेला बाबांची नडगी सोलून निघाली आणि धडक्या पायात गोळा आला, त्यामुळे एका पायाचा खेळही जमेना. ढकलणं तर शपथेवर बंद. गल्लीच्या तोंडाशी ते दहा मिनिटं थांबले. मग त्यांनी सायकल खांद्यावर घेतली आणि चालत घरी आले.

आई फाटकात उभ्या होत्या. बाबांचा चेहरा लाल, घाम कानांवरून ठिबकतोय, आणि सायकल नेमकी त्या मोडून जुळलेल्या खांद्यावर.

‘‘ढकलत आणलेली नाही,’’ बाबांनी आधीच सांगून टाकलं.

आईंनी त्या खांद्याकडे पाहिलं, नडगीकडे पाहिलं. ‘‘रविवारी भंगारवाला येतो,’’ एवढंच बोलून त्या आत गेल्या. तो गुरुवार होता.

त्या दुपारी बाबांनी एक कवळी हातात घेतली, ठेवली, परत घेतली, परत ठेवली. मला म्हणाले, ‘‘तिचं चुकतंय असं नाही गं. पण सकाळी उठून मी जायचं कुठे?’’ त्या क्षणी मला आईंचा राग आला, बाबांचा राग आला, आणि त्या पाइपाच्या तुकड्यावर जोर लागत असताना सायकल धरून ठेवणारी मी, माझाही आला. मी चप्पल घातली आणि त्यांना न जुमानता सायकलच्या दुकानात निघाले. दारात त्यांनी मला गाठलं. उजवा दांडा आण म्हणाले. चार पावलं गेल्यावर मागून ओरडले, मी आधीच उलटून सांगितलंय, तू परत उलटवू नकोस.

दुकानदार चाकाच्या तारा ओढत बसला होता. मला पाहिलं तशी त्याने खिशातून आमच्या घरची कवळी काढली, सदऱ्याला पुसली, तोंडात बसवली आणि मग म्हणाला, ‘‘बोला वहिनी.’’ म्हणजे एरवी ती खिशातच असते. माझ्या हातची चकाकी, आणि ती स्क्रू-ड्रायव्हरशेजारी! राग गिळून मी कामाचं बोलले. क्रँकचा दांडा हवा. कोणता? इथे माझी वाट लागली. बाबांचं उजवं एकदा उलटलेलं, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे परत उलटवायचं नाही, पण ते खरोखरच उलटलं होतं की उलटलं असं त्यांना वाटत होतं? मी तिथे बोटांवर हिशेब करत उभी राहिले. त्याला माझी दया आली असावी.

‘‘दात्यांची चकती असते त्या बाजूचा की बिनदातांचा?’’ त्याने विचारलं.

हे आमच्या घरच्या भाषेत होतं. बिनदातांचा, मी ताबडतोब म्हटलं. म्हणजे डावा. पण त्यातही लांबी वेगवेगळी, आसाचं भोक चौकोनी की खाचांचं, हे पाहावं लागतं म्हणे. जुना काढून आणा, असं म्हणून त्याने दांडा ओढून काढायचं अवजारही मला वापरायला दिलं. माणूस वाईट नव्हता.

बाबांनी अवजार घेतलं, दांडा सफाईने काढला, पण बाहेर द्यायला तयार होईनात. आमच्या धंद्यात मूळ वस्तू खोलीबाहेर जात नाही, माप जातं. हा नियम त्यांनी चाळीस वर्षं पाळला होता, आणि शत्रूच्या दुकानासाठी तो मोडणं म्हणजे अतीच झालं. शुक्रवारची दुपार आम्ही क्रँकचं माप घेण्यात घालवली. दोन मोठ्या ताटल्यांत माप घ्यायचा मसाला कालवला, दांडा त्यात दाबला, सुकल्यावर तो काढून साच्यात प्लास्टर ओतलं. शनिवारी सकाळी फळीवर, जबड्यांच्या रांगेत, पिवळ्या प्लास्टरचा हुबेहूब क्रँक उभा होता. आई झाडू मारायला आल्या, त्यांनी तो पाहिला आणि झाडू मारून गेल्या.

मी तो फडक्यात गुंडाळून नेला. दुकानदाराने फडकं उघडलं, क्रँक उजेडाकडे धरला. मग बोट ठेवून वाचायला लागला. मागच्या बाजूला कोरलेला लांबीचा आकडा उमटला होता, चौकोनी भोक उमटलं होतं, आणि पेडलाच्या भोकात उरलेल्या आट्यांच्या खुणा तर अशा उमटल्या होत्या की प्रत्यक्षातही इतक्या दिसत नव्हत्या. त्याने भिंग मागितलं. ते माझ्या पिशवीत नेहमी असतं. तो म्हणाला, ‘‘हे बघा, आट्यांवर आडवे आटे चढलेत. उजवं पेडल डाव्या दांड्यात कोंबलंय कुणीतरी. डाव्याचे आटे उलटे असतात, चालवताना सुटू नये म्हणून. एवढा जोर कुणी लावला?’’

मी म्हटलं, आमच्याकडे एवढा जोर असलेलं कुणी नाही.

तो हसायला लागला. हसताना सुटू नये म्हणून त्याने आधी कवळी काढून खिशात टाकली आणि मग पोटभर हसला. नंतर खणातून तसाच, त्याच मापाचा दांडा शोधून दिला आणि निरोप दिला, सांगा त्यांना, डावं पेडल उलटं फिरवून घट्ट करायचं, आणि सुरुवात बोटांनी करायची, पान्याने नाही. प्लास्टरचा क्रँक मात्र त्याने परत दिला नाही, दुकानात टांगायचा म्हणाला. माझ्याही जिभेला हाड नाही. मी त्याला सोमवारी कवळी घेऊन खोलीवर बोलावून टाकलं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. कवळी खिशात असते हे ऐकून बाबांना सायकलपेक्षा जास्त लागलं. त्याच्या तोंडाचं माप आपण घाईत घेतलं होतं, हेही त्यांनी हळूच कबूल केलं. पण पेडल आपण चुकीचं लावलं हे त्यांना पटेना. पेशंटचा उजवा तो माझा डावा, ते मला बजावत राहिले. मी सायकल आधी सरळ उभी केली, मग उलटी केली, आणि त्यांना पुढच्या चाकासमोर बसवलं. सरळ असताना त्यांचा हिशेब बरोबर होता. उलटी केल्यावर सायकलची उजवी बाजू त्यांच्या उजव्या हाताला आली. चाळीस वर्षांत त्यांच्याकडे डोक्यावर उभा राहिलेला पेशंट कधी आलाच नव्हता.

रविवारी सकाळी नवा दांडा आसावर बसला, मधला बोल्ट घट्ट झाला, आणि उजवं निळं पेडल काळ्याच्या जागी मुकाट गेलं. राहिलं होतं फक्त डावं निळं पेडल. भंगारवाला दहाला येतो; नऊ वाजून गेले होते. बाबा पेडल हातात धरून बसले. उलटं फिरवायचं, पण उलटं म्हणजे कुणाच्या उलटं? त्यांनी उजवीकडे फिरवायला हात नेला, मागे घेतला, डावीकडे नेला, मागे घेतला. पुन्हा आटे गेले तर संपलंच. ज्या हातांनी त्यांनी केसाएवढ्या फटी भरून काढल्या, त्यांना एक पेडल फिरवता येईना, आणि मला ते पाहवेना. मी पुढे होणार तोच मागून कुणीतरी माझा खांदा बाजूला केला.

आईंनी स्टूल ओढलं, बाबांच्या हातातून पेडल घेतलं आणि पदर खोचला.

‘‘सांगा,’’ त्या म्हणाल्या.

‘‘अगं, पण तू...’’

‘‘सांगा, कुठे फिरवू?’’

बाबांनी डोळे मिटून हिशेब केला. ‘‘उजवीकडे.’’

आईंनी डावीकडे फिरवलं. बोटांनी, बरणीचं झाकण लावावं इतक्या सहज. पेडल आत गेलं, जातच राहिलं, कुठेही अडलं नाही. मी न राहवून म्हटलं, आई, बाबा उजवीकडे म्हणाले होते. ‘‘हो, ऐकलं की,’’ आई म्हणाल्या, आणि पाना मागितला. एक्केचाळीस वर्षं या बाईने नवऱ्याचं प्रत्येक डावं-उजवं मनातल्या मनात फिरवून घेतलं होतं, आणि आपण फिरवतो हे त्यांना स्वतःला ठाऊकही नव्हतं.

पेडल घट्ट झालं. आईंनी पाना बाकावर ठेवला, पण त्या उठल्या नाहीत.

‘‘मिरचीच्या वाफ्यातून फोन आला होता मला,’’ त्या बाबांना म्हणाल्या. ‘‘पडलेत, एवढंच सांगितलं आणि फोन कट झाला. एक तास. त्या एका तासात मी काय काय करून बसले ते तुम्हाला नाही सांगणार. म्हणून अट घातली. म्हटलं, या भीतीने तरी जपून चालवतील. तर तुम्ही एका पायाने सर्कस करत आलात. वर मला हात केलात. मग मोडक्या खांद्यावर अख्खी सायकल घेऊन आलात. मी सायकलला भिते का तुमच्या?’’

बाबा खाली मान घालून बसले होते. मी जबड्यांच्या फळीकडे बघत होते, कारण दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं.

‘‘बिघडली तर ढकलत आणा,’’ आई म्हणाल्या. ‘‘रस्त्यात टाकून या. तिचं काय व्हायचं ते होऊ दे. तुम्ही तेवढे अख्खे या घरी.’’

भंगारवाला दहाला आला. त्याला आईंनी जुना क्रँक आणि न्हाणीघरातली फुटकी बादली दिली.

सोमवारी सकाळी बाबा टेकडीवर गेले. पावणेआठला आई गॅलरीत कपडे घेऊन गेल्या, मीही चिमट्यांचा डबा घेऊन मागे गेले. बाबा गल्लीच्या तोंडाशी आले, दोन्ही पायांनी, दोन्ही निळ्या पेडलांवर, सुरेख चालवत. तिथे ते थांबले. खाली उतरले. आणि हॅन्डल धरून, सावकाश, सगळ्या गल्लीला दिसेल असे, सायकल ढकलत घराकडे निघाले.

आईंच्या हातून ओली चादर सुटली. त्या कठड्यावरून वाकून ओरडल्या, ‘‘अहो, काय झालं? कुठे लागलं?’’

‘‘कुठे काय?’’ बाबा खालून म्हणाले. ‘‘आता परवानगी आहे ना, म्हणून.’’

आईंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. मग त्या चादर उचलायला वाकल्या आणि हसू आवरेपर्यंत वाकूनच राहिल्या.